जुना अंगठा, नवं बटण: डी५०० वर फोकस लॉक गेलं कुठं?

सातरस्ता · १८ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आधी गड्ड्यातली, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली फजिती सांगतो, मग प्रश्न विचारतो.

गेली नऊ वर्षं निकॉनचा डी७००० कॅमेरा वापरला. दिवाळीनंतर पुण्याच्या एका गृहस्थाकडून सेकंडहँड डी५०० घेतला. लेन्स जुन्याच, २००-५०० आणि ७०-२०० मिमी.

डी७००० वर माझी पद्धत ठरलेली होती. फोकस मोड एएफ-सी (सतत चालणारा फोकस). शटर अर्धं दाबलं की फोकस सुरू. समोर कुणी आडवं आलं किंवा चौकट थोडी सरकवायची असली की उजव्या अंगठ्यानं मागचं एई-एल/एएफ-एल (एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, आणि फोकस धरून ठेवणारं) बटण दाबून फोकस आहे तिथंच धरायचा. ते बटण ‘फक्त एएफ लॉक’वर लावलेलं. नऊ वर्षांत अंगठ्याला एवढं वळण लागलं की डोक्याला विचारायची गरजच राहिली नव्हती.

अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ चांगली जागा मिळाली. नंदीध्वज समोरून येतोय, पेलणाऱ्याच्या चेहऱ्यावर ताण, घाम, सगळं जमून आलेलं. तेवढ्यात पुढच्याचा मोबाईलवाला हात वर. सवयीनं अंगठा दाबला आणि फोकस थांबायच्या ऐवजी सरळ त्या मोबाईलवर जाऊन बसला. असं एकदा नाही, पूर्ण वेळ. घरी येऊन बघतो तर चाळीसेक फोटोंत मोबाईलच्या पाठीवरचं बालाजीचं स्टिकर लख्ख, आणि नंदीध्वज धुक्यात.

आता प्रश्न. डी५०० वर अंगठ्याच्या त्या जागेवर ‘एएफ-ऑन’ लिहिलेलं बटण आहे. जुनं एई-एल/एएफ-एल कुठं दिसतच नाही. ते गेलं कुठं? आणि सेटिंग बदलू की सवय बदलू?

कडक_भाकरी · १८ जानेवारी, रात्री १०:५२

स्टिकर तरी शार्प आलं की बे. बालाजीची कृपा.

धाविक · १८ जानेवारी, रात्री ११:१५

सातरस्ता, तुमचा अंगठा जुनंच काम करतोय, फक्त बटणाचा अर्थ उलटा झालाय. डी७००० वर ते बटण दाबलं की फोकस थांबायचा. डी५०० वर तिथलं बटण दाबलं की फोकस चालतो. शटर अर्धं दाबलेलं, वर एएफ-ऑनही दाबलेलं, म्हणजे दोन्हीकडून ‘चालू ठेव’ हाच हुकूम. कॅमेऱ्यानं तो पाळला.

एई-एल/एएफ-एल नावाचं वेगळं बटण डी५०० ला नाहीच. ते काम एएफ-ऑनच्या खालच्या छोट्या जॉयस्टिकला दिलंय. ती नुसती हलवली तर फोकस पॉइंट सरकतो, मधोमध आत दाबली तर एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक. नुसता फोकस लॉक हवा असेल तर कस्टम सेटिंगमध्ये एफ१ ला जा, जॉयस्टिकचा मधला दाब निवडा आणि त्याला ‘एएफ लॉक ओन्ली’ द्या.

सेकंडहँड आहे म्हणालात, तर आधीच्या मालकाची सेटिंग रिसेट केली होती ना?

सातरस्ता · १८ जानेवारी, रात्री ११:३१

रिसेट पहिल्याच दिवशी केलं. जॉयस्टिक आत्ता दाबून बघितली. दाबायला गेलो की ती कलते आणि लॉक व्हायच्या आधी पॉइंटच शेजारी सरकतो. घरात बसून जमतंय, गर्दीत धक्के खाताना नाही जमणार.

नवीपेठ_स्टुडिओ · १९ जानेवारी, सकाळी ८:०५

मग जॉयस्टिक सोडून द्या. त्याच एफ१ मध्ये एएफ-ऑन बटणालाच ‘एएफ लॉक ओन्ली’ द्या. जागा तीच, अंगठा तोच, काम तेच. दोन मिनिटांत तुमचा डी५०० तुमच्या डी७००० सारखा वागायला लागेल.

मी बावीस वर्षं लग्नं काढतोय. हाताला बसलेली सवय मोडण्यापेक्षा बटण वाकवलेलं परवडतं. मुहूर्त काही आपल्यासाठी थांबत नाही.

माळरान · १९ जानेवारी, सकाळी ९:२०

नवीपेठदादांशी आदरपूर्वक असहमत.

डी५०० मध्ये १५३ फोकस पॉइंट आहेत, त्यातले ५५ आपल्याला निवडता येतात. सेकंदाला १० फोटो. एवढं इंजिन घेऊन त्याला जुन्या बैलगाडीचा कासरा का बांधायचा? एएफ-ऑन वेगळं दिलंय ते फोकस आणि शटर यांची फारकत करण्यासाठी.

मी नान्नजच्या अभयारण्यात पाच वर्षं असं वापरतोय: कस्टम सेटिंग ए८ मध्ये ‘एएफ-ऑन ओन्ली’. मोड कायम एएफ-सी. आता शटरचा फोकसशी संबंध संपला. अंगठा दाबून ठेवला तर पळत्या काळविटावर फोकस चालत राहतो. अंगठा उचलला की फोकस जिथं होता तिथं राहिला. म्हणजे लॉक झालाच की! वेगळं लॉक बटण शोधायचंच कशाला? एएफ-एस (एकदाच फोकस), एएफ-सी अशी अदलाबदलसुद्धा करावी लागत नाही. काळवीट उभं राहिलं, अंगठा उचला, चौकट जुळवा, काढा. पळालं, अंगठा दाबा.

तुमच्या नंदीध्वजालाही हेच. मोबाईल आडवा आला की अंगठा वर.

सातरस्ता · १९ जानेवारी, सकाळी ९:४५

म्हणजे आत्तापर्यंत अडचण आली की अंगठा दाबायचो, आता अडचण आली की उचलायचा. कळतंय हो, पण गाडी शिकवताना क्लच आणि ब्रेकची अदलाबदल केल्यासारखं वाटायलंय.

माळरान · १९ जानेवारी, सकाळी ९:५०

आठवडाभर त्रास होतो. नंतर परत जावंसं वाटत नाही.

होटगी_रोड · १९ जानेवारी, दुपारी १:१०

हे ‘एएफ-ऑन ओन्ली’ करणाऱ्यांसाठी माझी कहाणी.

बहिणीच्या मुलाचं बारसं. मीच फोटोग्राफर, त्यामुळे मी एकाही फोटोत नाही. बायको म्हणाली, एकदा तरी तुम्ही या की फोटोत. कॅमेरा मेहुण्याच्या हातात दिला आणि सांगितलं, “दाजी, नुसतं हे बटण दाबा.” दाजींनी प्रामाणिकपणे नुसतं ते बटण दाबलं. सतरा फोटो. शेवटचा फोकस मी पाळण्यावरच्या खेळण्यावर केला होता, तो तसाच राहिला. अख्खं घरदार पुसट, मागचं खेळणं कडक. आजीचा त्या दिवसाचा तेवढाच फोटो होता.

कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देण्याआधी ए८ परत ‘शटर/एएफ-ऑन’वर आणा. विसरलात तर जेवताना रोज ऐकावं लागतं.

कडक_भाकरी · १९ जानेवारी, दुपारी १:१४

दाजींची काय चूक? त्यांनी सांगितलेलंच बटण दाबलं.

होटगी_रोड · १९ जानेवारी, दुपारी १:२०

घरीही सगळ्यांचं हेच मत पडलं.

शेंगाचटणी · १९ जानेवारी, दुपारी ३:३०

मी सोनी ए६४०० वापरते. त्याच्या मागे एक छोटी खिट्टी आहे, एका बाजूला ‘एएफ/एमएफ’, दुसऱ्या बाजूला ‘एईएल’, मधे बटण. घेतला तेव्हा महिनाभर ते बटण चुकून दाबायचे आणि कॅमेरा मॅन्युअल फोकसवर जायचा. आता बटणाला ‘एएफ ऑन’ दिलंय आणि शटरचा ऑटोफोकस बंद केलाय. माळरान सांगतात तेच.

पण खरं सांगू? माणसांच्या फोटोत मला लॉकची गरजच पडत नाही. कॅमेरा डोळा ओळखतो आणि चौकटीत कुठंही गेला तरी धरून ठेवतो. लॉकची खरी गरज चटणीच्या वाटीचे फोटो काढताना. तिथं डोळे नसतात.

कडक_भाकरी · १९ जानेवारी, दुपारी ३:३३

तिखट जास्त झालं की येतात.

पार्कचौक · १९ जानेवारी, सायंकाळी ६:०२

कॅननवाल्यांची हजेरी लावतो. ही पाठीमागच्या बटणाची युक्ती नवी नाही. कॅननने ती १९८९ च्या ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात कस्टम फंक्शन म्हणून दिली होती. आमच्या साध्या बॉडींवर चांदणीच्या चिन्हाचं बटण असतं, ते मुळात एक्स्पोजर लॉकचं. कस्टम फंक्शनमध्ये शटर आणि चांदणी यांच्या कामांची अदलाबदल करता येते. वरच्या मॉडेलमध्ये एएफ-ऑन वेगळं मिळतं आणि चांदणी एक्स्पोजर लॉकला मोकळी राहते.

लिहायचं कारण एवढंच की बॉडी बदलली की बटणावरचं नाव आणि बटणाचं काम या दोन वेगळ्या गोष्टी धराव्यात. आधी मेनूत बघावं, मग गर्दीत शिरावं.

सातरस्ता · १९ जानेवारी, सायंकाळी ६:२०

हे गड्ड्याच्या आधी, १२ तारखेला सांगायचं होतंत साहेब.

गणिताचे_सर · १९ जानेवारी, रात्री ९:१५

फोकस लॉक करून चौकट फिरवणाऱ्यांसाठी थोडं गणित. कंटाळा आला तर पुढची पोस्ट वाचा.

८५ मिमी लेन्स, छिद्र एफ/१.८, माणूस २ मीटरवर. डी५०० सारख्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा छोट्या) सेन्सरवर स्पष्ट दिसणारी पट्टी साधारण ४ सेंटिमीटर जाड, म्हणजे पुढे २ आणि मागे २. आता मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस केला, लॉक केला आणि कॅमेरा १० अंशांनी वळवला. फोकसची पातळी कॅमेऱ्याबरोबर वळते. १० अंशांचं कोसाइन ०.९८५, म्हणून डोळा त्या पातळीपासून सुमारे ३ सेंटिमीटर अलीकडे पडतो. पट्टीच्या बाहेर. लॉक पक्का, बटण बरोबर, तरी डोळा मऊ आणि कान शार्प.

२००-५०० ने एफ/५.६ वर ४० मीटरवरचं काळवीट काढताना चौकट अंशभर हलवलीत तर काही बिघडत नाही. पण पोर्ट्रेटला लॉक करून फिरवण्यापेक्षा जॉयस्टिकने पॉइंटच डोळ्यावर न्यावा. ५५ पॉइंट त्यासाठीच आहेत.

नवीपेठ_स्टुडिओ · १९ जानेवारी, रात्री ९:४०

सर, नवरीचा कान शार्प आला तर झुमका विकत घेतल्याचं समाधान तरी मिळतं.

मस्करी सोडा, हे पटलं. वधूच्या क्लोजअपला मी बऱ्याचदा लेन्सला दोष दिलाय.

बाराबंदी · २० जानेवारी, सकाळी ७:३०

एका मुद्द्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. जॉयस्टिकचा मूळ दाब फोकसबरोबर एक्स्पोजरही लॉक करतो, आणि गड्ड्यात हेच जास्त नडतं. सगळी मंडळी पांढऱ्या बाराबंदीत आणि पांढऱ्या धोतरात, वर जानेवारीचं ऊन. पांढरं जास्त दिसलं की कॅमेरा त्याला करडं करायला बघतो. त्यात सावलीतल्या चेहऱ्यावर दोन्ही लॉक करून चौकट उन्हात नेली की कपडे जळालेच. उन्हात लॉक करून सावलीत नेली तर चेहरे काळे.

मी तैलाभिषेकाच्या मिरवणुकीत एक्स्पोजर मॅन्युअलच ठेवतो. उन्हात एक चाचणी घ्यायची, सावलीत एक, आणि दोन आकडे लक्षात ठेवायचे. मॅन्युअल जमत नसेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या मापापेक्षा उजेड वाढवणं) अधिक ०.७ ते अधिक १. लॉकला मात्र फक्त फोकस. दोन बैल एका दावणीला बांधू नका.

सातरस्ता · २० जानेवारी, सकाळी ८:१०

आईशप्पथ, निम्मे फोटो काळपट का आले ते आत्ता कळलं. मला वाटलं सेन्सरच गेला की काय. पुण्याच्या त्या गृहस्थांना मनातल्या मनात बरंच बोललो होतो, ते परत घेतो.

भोवत्या · २० जानेवारी, दुपारी १२:४५

मोबाईल आडवा येण्यावर आणखी एक इलाज. कस्टम सेटिंग ए३ मध्ये, मधे काही आलं तर फोकसने किती वेळ दम धरायचा ते १ ते ५ मध्ये ठरवता येतं. मूळ ३ असतं. ५ ला नेलं की क्षणभर आलेल्या हाताकडे कॅमेरा दुर्लक्ष करतो आणि मागच्या माणसावर टिकून राहतो. गर्दीला ४ किंवा ५. गवतातून अचानक उडणाऱ्या पक्ष्यांना मी कमी ठेवतो. हात तिथंच ठाण मांडून बसला तर अर्थात अंगठाच उचलावा लागणार.

माळरान, नान्नजला सध्या काय दिसतंय?

माळरान · २० जानेवारी, दुपारी १:३०

काळवीट हमखास. लांडगा नशिबात असला तर. भोवत्या पक्षी थंडीभर आहेतच, तुमचेच भाऊबंद. माळढोक... १९७९ ला ज्याच्या नावानं अभयारण्य झालं त्याची वाट बघणं एवढंच उरलंय. मी लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढे बसून पाहिला होता. तेव्हा कॅमेरा नव्हता, आता कॅमेरा आहे.

धाविक · २० जानेवारी, दुपारी १:४२

खरंय.

नव्यांना एक विनंती. जवळून फोटो मिळावा म्हणून रस्ता सोडून माळावर गाडी घालू नका. माझ्या नावाचा पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, खड्यांत खडा दिसतात. चाकाखाली गेल्यावरसुद्धा कळत नाही.

नवीपेठ_स्टुडिओ · २० जानेवारी, दुपारी २:२०

मूळ मुद्द्यावर या मंडळी. मला एक सांगा, डी७००० च्या डायलवर यू१ आणि यू२ होतं. एकात लग्न, एकात पक्षी, डायल फिरवला की झालं. डी५०० वर ते आहे का? असेल तर होटगी रोडच्या दाजींचा प्रश्न सुटला.

धाविक · २० जानेवारी, दुपारी २:४०

नाही. डी५०० ला कस्टम सेटिंगच्या ए, बी, सी, डी अशा चार बँका (सेटिंगचे साठवलेले संच) आहेत. पण यू१ सारखं नाही. यू१ मध्ये जाता जाता केलेला बदल डायल फिरवला की पुसला जातो, साठवलेलं तसंच राहतं. बँकेत जो बदल कराल तो त्या बँकेत तसाच बसतो. त्यामुळे बँक ‘ए’ला ‘मी’ आणि बँक ‘बी’ला ‘दाजी’ असं नाव देऊन ठेवलंत तरी ‘बी’मध्ये असताना हात लावायचा नाही, हे पथ्य पाळावं लागतं.

होटगी_रोड · २० जानेवारी, दुपारी २:५५

खरंच ‘दाजी’ नाव दिलं. इंग्रजी अक्षरांत लिहावं लागलं, पण दिलं.

हिप्परगा_काठ · २१ जानेवारी, रात्री १०:००

उशिरा आलो, पण २००-५०० वापरणाऱ्यांसाठी महत्त्वाचं आहे. एएफ-ऑन दाबल्याने लेन्सचं व्हीआर (थरथर कमी करणारी सोय) सुरू होत नाही. ते शटर अर्धं दाबल्यावरच सुरू होतं. मी ए८ बदललं त्या दिवशी ५०० मिमीवर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र नुसतं थरथरत होतं, पॉइंट पक्ष्यावर टिकेना. लेन्स बिघडली समजून पोटात गोळा आला. उपाय साधा: अंगठ्याने एएफ-ऑन आणि त्याच वेळी तर्जनीने शटर अर्धं. ए८ बदललेलं असल्यामुळे अर्ध्या शटरने फोकस हलत नाही, फक्त व्हीआर आणि मीटर चालू होतात.

आणि लेन्सच्या कडेची खिट्टी तपासा. ती ‘∞-६ मी.’वर असेल तर सहा मीटरच्या आतलं काही पकडणार नाही, मग बटणाला कितीही शिव्या घाला.

सातरस्ता · २५ जानेवारी, सायंकाळी ७:१५

मंडळी, आज पहाटे हिप्परग्याच्या तलावावर जाऊन आलो. वृत्तांत.

आधी नवीपेठदादांचं ऐकलं होतं. एएफ-ऑनला ‘एएफ लॉक ओन्ली’ देऊन चार दिवस घरी आणि गच्चीवर वापरलं. अगदी जुन्यासारखं. तिथंच थांबणार होतो. पण माळरान यांचं बैलगाडीचं वाक्य डोक्यात बसलं होतं, म्हणून काल रात्री एएफ-ऑनला परत मूळ काम दिलं आणि ए८ बदललं.

पहिला तास अक्षरशः रडलो. पट्टकादंबांचा थवा डोक्यावरून गेला आणि मी नुसतं शटर दाबतोय, फोकस पाण्यावर. दुसऱ्या थव्याला अंगठा आठवला पण व्हीआर विसरलो. तिसरा थवा यायला पाऊण तास लागला. तेव्हा अंगठा आणि तर्जनी एकदम पडले आणि ओळीत उडणारे सात पक्षी, सातही डोळ्यांसकट मिळाले. एक खंड्या वाळक्या फांदीवर येऊन बसायचा, सूर मारायचा, परत यायचा. तिथं फांदीवर फोकस करून अंगठा उचलून ठेवला आणि तो परत आला की नुसतं शटर. हे जुन्या पद्धतीत मला बटण धरून धरून बोट दुखेपर्यंत करावं लागायचं.

पण खरं तेच सांगतो, गर्दीत अजून भरवसा नाही. परवा भाच्याच्या शाळेचं गॅदरिंग आहे, तिथं बँक ‘बी’मध्ये जुनी पद्धतच ठेवणार. जॉयस्टिकच्या दाबाचं एक्स्पोजर लॉक काढून टाकलं, चुकून दाबला गेला तरी आता उजेडाला धक्का नाही. ए३ पाचवर.

नवीपेठ_स्टुडिओ · २५ जानेवारी, सायंकाळी ७:३०

बँक ‘बी’ माझी, बँक ‘ए’ माळरानची. मिटलं.

माळरान · २५ जानेवारी, सायंकाळी ७:४१

गॅदरिंगनंतर बोलू.

कडक_भाकरी · २५ जानेवारी, सायंकाळी ७:४४

खंड्याचा फोटो टाका की. का परत स्टिकरच आलंय?

अकरावी_ब · २ फेब्रुवारी, रात्री ११:२०

सगळा धागा वाचला. माझ्याकडे काकांचा जुना निकॉन डी५६०० आहे. त्याच्यावर एएफ-ऑन लिहिलेलं बटणच नाही. मला जमेल का हे?

धाविक · ३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

जमेल. तुझ्याकडे एई-एल/एएफ-एल लिहिलेलं बटण आहे, कस्टम सेटिंगच्या एफ विभागात त्याला ‘एएफ-ऑन’ दे. तेवढं केलंस की शटरने फोकस होणं आपोआप बंद होतं, तुझ्या कॅमेऱ्यात ए८ सारखी वेगळी सोय नाही. आणि काकांना आधी सांगून ठेव. त्यांनी कधी कॅमेरा परत मागितला तर त्यांना वाटेल तूच बिघडवलास.